टीडीएसचा आकडा आणि पिण्याचं पाणी

बोअरवेलचं पाणी प्यायचं की नाही, हे बरेच जण टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) दाखवणारं मीटर बुडवून ठरवतात. 300 आला की पाणी चांगलं, 900 आला की वाईट! पण हे मीटर क्षार मोजतच नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि तिला ठरावीक गुणकाने गुणून क्षारांचा अंदाज दाखवतं. क्षार कोणते, याचा त्याला पत्ता नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम सुचवली आहे. पाण्यात त्याच्या पाचपट आर्सेनिक मिसळलं, तरी मीटरवरचे 300 हे 300च राहतील.

फ्लोराइडचं गणित तर उलटंच चालतं. ते ग्रॅनाइटसारख्या खडकांतल्या खनिजांतून विरघळून येतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसतो आणि फ्लोराइडला आपोआप लगाम बसतो. मात्र वाटेतल्या चिकणमातीने कॅल्शियम धरून ठेवून बदल्यात सोडियम दिलं, की पाणी मृदू होतं आणि फ्लोराइड वाढायला मोकळीक मिळते. म्हणजे ज्यात साबणाला छान फेस येतो, त्याच पाण्यात ते 1.5 मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलेलं असू शकतं. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर डाग पडतात, प्रमाण बरंच जास्त असेल तर पुढे हाडंही धरतात. भांड्यांवर पांढरे थर चढवणारं जड पाणी उगाच बदनाम आहे.

खरी तपासणी विहिरीपाशीच सुरू होते. साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचा आकडा) तिथेच मोजायचा, कारण कार्बन डायऑक्साइड उडून गेला की तो बदलतो. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालायचं. नाहीतर विरघळलेलं लोह हवेने गंजून तळाशी बसतं, जाताना आर्सेनिकही ओढून नेतं आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो.

अहवाल हाती आला की मी आधी धन आणि ऋण आयनांच्या (पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या विद्युतभारित कणांच्या) विद्युतभारांची बेरीज ताडून बघतो. दोन्ही जवळपास सारख्या हव्यात. तफावत 5 टक्क्यांहून बरीच जास्त असेल, तर बाकीचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

नायट्रेटचं एकक मात्र नीट बघा. ‘नायट्रेट’ म्हणून लिहिलेले 50 मिलिग्रॅम आणि ‘नायट्रोजन’ म्हणून लिहिलेले साधारण 11 मिलिग्रॅम एकच. जंतूंची तपासणी वेगळी करावी लागते. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट, पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.