राब

भाताची रोपे तयार करण्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर शेण, झाडांची कवळे (पानांसह कोवळ्या फांद्या), गवत व पातेरा (गळालेला सुका पाला) यांचे थर पसरून ते उन्हाळ्यात भाजण्याची कोकण व सह्याद्रीच्या पट्ट्यातील रीत. पसरलेल्या साहित्यालाही राबच म्हणतात. ही रीत मुख्यतः भातासाठी असली, तरी नाचणी व वरी यांच्या रोपांसाठीही ती वापरतात. राब आणि दळी किंवा कुमरी यांची गल्लत होऊ देऊ नये. दळीत जंगल तोडून त्याच जागी जाळतात आणि काही वर्षांनी जागा बदलतात. राबात जागा वर्षानुवर्षे तीच असते, तिच्यावर जाळायचे साहित्य मात्र बाहेरून आणले जाते. पोषणद्रव्यांच्या चक्राच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे.

थंडीच्या दिवसांत ऐन व इतर झाडांची कवळे तोडून वाळत ठेवतात. पुढे जमिनीवर आधी शेणाचा चुरा, त्यावर कवळे, मग गवत व पातेरा आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर देतात. मातीमुळे राख उडत नाही आणि धग खाली दबून राहते. वारा ज्या टोकाकडे वाहतो त्या टोकाला आग लावली की ती वाऱ्याच्या विरुद्ध सावकाश सरकते. भडका उडू न देता राब धुमसत ठेवणे, हेच यातले कसब. नीट भाजलेल्या जागी वरची ढेकळे विटकरी होऊन बोटांनी चुरता येतात.

राबाने रोप जोमदार का येते, यावर दीर्घकाळ मतभेद आहेत. जुने व सोपे स्पष्टीकरण राखेचे. पाला जळताना त्यातील बहुतेक नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. पोटॅश, चुना, मॅग्नेशियम व स्फुरद राखेत उरतात. जांभ्याच्या आम्लधर्मी, पावसाने धुपलेल्या जमिनीत त्यांचे मोल मोठे आहे. परंतु केवळ राख हे कारण धरले, तर नायट्रोजन गमावूनही रोपे हिरवीगार कशी राहतात याचा उलगडा होत नाही. दुसरे मत तणाचे बी जळून जाते यावर भर देते. ते खरे असले तरी अपुरे वाटते. कृषिरसायनतज्ज्ञ हॅरोल्ड मान, जोशी व कानिटकर यांनी 1912 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राबावरील अभ्यासात राखेशी न थांबता तापलेल्या मातीचाही विचार केला. त्याआधी, 1909 मध्ये, इंग्लंडमधील रोदॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात रसेल व हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीत अमोनिया वाढतो असे दाखवले होते. जीवाणूंना खाणारे आदिजीव (प्रोटोझोआ) मरतात म्हणून असे होते, हे त्यांचे प्रतिपादन पुढे वादग्रस्त ठरले. अमोनिया वाढतो हे निरीक्षण मात्र टिकले. उष्णतेने मातीतील सेंद्रिय पदार्थ फुटून अमोनियम मोकळा होतो आणि नत्रीकरण करणारे जीवाणू काही काळ मंदावल्याने त्याचे नायट्रेट लवकर होत नाही. नायट्रेट पावसात सहज वाहून जाते, अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतो, आणि भाताचे रोप अमोनियम चांगले घेते. राख आणि धग या दोन्हींना कारण मानणे अधिक सयुक्तिक, त्यातही धगीकडे पूर्वी झालेले दुर्लक्ष भरून काढणे इष्ट.

परिसंस्थेच्या भाषेत राब म्हणजे मोठ्या क्षेत्रातील पोषणद्रव्ये छोट्या वाफ्यात एकवटणे होय. भाताचा पेंढा गोठ्यात जातो, शेण राबावर येते, राबावरची रोपे खाचरात जातात. हे वर्तुळ शेतातल्या शेतात फिरते. दाण्याबरोबर जे जाते त्याची भरपाई मात्र कवळांच्या रूपाने वरकस (उताराची, हलकी) जमीन व जंगल करते. तीच झाडे दरवर्षी छाटली गेली तर ती खुरटतात, आणि भरपाईचा स्रोतच आटतो.

म्हणूनच राब वनखात्याच्या डोळ्यांवर आला. ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील कवळतोडीवरील निर्बंधांविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी वाढल्यावर 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 1887 चा आहे. ब्रिटिश कृषिरसायनतज्ज्ञ व्होल्कर यांच्या भारतीय शेतीवरील 1893 च्या अहवालातही राबाची चर्चा आहे. अतिपावसाच्या मुलखातील शेतकरी राब सवयीने नव्हे, गरजेने भाजतो, ही बाजू या वादात वजनदार ठरायला हवी होती.

आता गादीवाफे (रोपांसाठीचे उंच वाफे) व रासायनिक खतांमुळे राब मागे पडत आहे. ना. कृ. सावंत यांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची राख देतात, त्यामुळे रोपांना सिलिका मिळते. खाचरात गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला घालतात. येथे राख परत येते, मातीची भाजणी येत नाही.