दाण्याचं कूट कशाकशात असतं?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला सगळ्यांत जड जाणारा दिवस म्हणजे उपवासाचा. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी, काकडीच्या कोशिंबिरीत पुन्हा कूट. इतर दिवशीही सुटका नाहीच. खानावळीत ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगा चटणी न मागता ताटात येते. भरल्या वांग्याच्या मसाल्यात दाणे, तीळ आणि कारळे एकत्र वाटलेले असतात. संक्रांतीला आपला तिळगूळ आणि कानडी शेजाऱ्यांचं एळ्ळु-बेल्ल (तीळ, गूळ, खोबरं आणि दाणे यांचं मिश्रण), दोन्ही एकाच दिवशी हातावर पडतात.

अशा माणसाच्या शरीरात दाण्यातल्या काही प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार झालेली असतात. ती त्वचा, घसा, आतडी इथल्या मास्ट पेशींना चिकटून बसतात. तेच प्रथिन पुन्हा पोटात गेलं की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं सोडतात. मग अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. प्रतिक्रिया तीव्र असेल तर श्वासनलिका आवळते आणि रक्तदाब कोसळतो. यालाच अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. हे काही मिनिटांतही घडू शकतं. म्हणूनच ‘एका घासानं काय होतंय, खा की’ हा आपल्याकडचा प्रेमाचा आग्रह इथे जिवावर बेतू शकतो.

शेंगदाणे भाजले म्हणून ही प्रथिनं निकामी होत नाहीत, उलट भाजल्यावर त्यांची ताकद वाढते. तेलाचंही पाहावं लागतं. रिफाइंड शेंगतेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण घाण्याच्या तेलात ते असू शकतं. एसटीत शेजारी कुणी भाजलेल्या शेंगा सोलत असेल तर नुसत्या वासानं मात्र अ‍ॅनाफिलॅक्सिस होत नाही, कारण वासात प्रथिन नसतं. भीती असते ती हाताला लागलेल्या कणांची. सॅनिटायझर चोळून ते जात नाहीत, हात साबणानंच धुवावे लागतात.

लग्नाच्या पंगतीत किंवा जत्रेच्या जेवणात ‘यात शेंगदाणे आहेत का?’ असं वाढप्याला विचारून भागत नाही. त्याला दाणे दिसत नाहीत, म्हणून तो अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. आचाऱ्याकडे जाऊन उभं राहिलं की खरं चित्र दिसतं. ज्या मिक्सरमध्ये सकाळी कूट केलं, त्यातच नंतर खोबऱ्याचं वाटण झालेलं असतं. चटणीतला चमचा कोशिंबिरीत जातो, भजी आणि मसाला शेंगदाणे एकाच कढईत तळले जातात. म्हणून प्रश्न नेमका हवा: रस्सा कशानं दाट केला? कूट कशाकशात घातलं? तेल कुठलं? आचारी कानडी असेल तर ‘इदराग शेंगा हाकीरेन्री?’ (यात शेंगदाणे घातलेत का?) एवढं विचारता आलं पाहिजे. विचारताना संकोच करू नये, आणि उत्तर डळमळीत आलं तर तो पदार्थ सोडून साधा वरणभात घ्यावा. अर्थात फोडणीचं तेल विचारूनच.

पुडीबंद पदार्थांवर शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, गहू यांचा उल्लेख असावा, असं २०२०चे केंद्रीय नियम सांगतात. त्या यादीत तीळ नाही. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांनाही अ‍ॅलर्जीची माहिती द्यावी लागते, पण कोपऱ्यावरच्या एकट्या खानावळीवर तसं बंधन नाही. ज्याला सुकामेवाही चालत नाही, त्यानं आणखी जपावं: गोकाकचा करदंट ही मिठाई म्हणजे सुकामेवाच. हॉटेलातल्या पांढऱ्या ग्रेव्हीत बहुधा काजूची पेस्ट असते.

दुसरीकडे, नुसत्या रक्ततपासणीवरून घाबरून ताट रिकामंही करू नये. बेंगळूरु आणि म्हैसूरमधल्या प्रौढांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. खरी अन्न-अ‍ॅलर्जी असावी असे लोक मात्र सव्वा टक्क्याच्या आसपासच होते. काय टाळायचं हे खाल्ल्यावर काय झालं आणि चाचणी काय सांगते, दोन्ही पाहून डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

ज्याला एकदा तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली आहे, त्यानं चोर्ला घाटातून गोव्याला किंवा सौंदत्तीच्या यात्रेला निघण्याआधी अशा प्रतिक्रियेवरच्या औषधाबद्दल, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं: मात्रा किती, इंजेक्शन कसं द्यायचं, बरोबरच्या कुणाला शिकवायचं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. अ‍ॅलर्जीच्या गोळीनं खाज थांबते, पण आवळलेला घसा मोकळा होत नाही आणि पडलेला रक्तदाबही वर येत नाही. त्यामुळे गोळी देऊन वाट पाहण्यात वेळ घालवू नये. इंजेक्शन द्यावं, रोग्याला आडवं करून पाय उंच ठेवावेत (धाप लागत असेल तर टेकून बसवावं), त्याला चालवू नये आणि १०८ला फोन लावावा. हा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच आहे. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच आणि डॉक्टर सोडेपर्यंत तिथेच थांबायचं, कारण काही जणांना काही तासांनी, आणखी काही न खाताही, दुसरा झटका येतो.