दक्षिणेचं दार आणि फेंगशुई: गल्लत कुठे झाली?

'फेंगशुईनुसार दक्षिणमुखी दार नको' म्हणत चांगले फ्लॅट नाकारले जातात. दक्षिण यमाची, हे आपल्याकडचं. फेंगशुईत, म्हणजे चिनी वास्तुशास्त्रात, उलट दक्षिणमुखी घराला पहिली पसंती. बीजिंगच्या राजवाड्याचा मुख्य दरवाजा, वूमेन, दक्षिणेलाच आहे. कारण साधं आहे. तिथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 27 अंश वर येतो; ऊन दक्षिणेकडून थेट खोलीत शिरतं. बोचरा वारा वायव्येचा, म्हणून मागची भिंत सलग. तिथल्या चौसोपी घरात रस्त्याचं दार मात्र बहुधा आग्नेय कोपऱ्यात, आणि आत पाऊल टाकताच समोर विटांची आडवी भिंत. वाऱ्याचा झोत नि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा तिथेच अडतात. मुंबईत तोच सूर्य 47 अंशांवर असतो, त्यामुळे हा नियमही इथे जसाच्या तसा लावू नका.