खुलासा: ‘आधी स्पर्धा, मग बातमी’ हे नेहमी खरं नसतं

खेळ मैदानावर वाढतो आणि वर्तमानपत्र फक्त निकाल छापतं, हा समज जुना आहे. ‘टूर द फ्रान्स’च्या बाबतीत तो साफ उलटा पडतो. ‘लोटो’ या पॅरिसच्या क्रीडा दैनिकाने हिरव्या कागदावर छापल्या जाणाऱ्या ‘ल वेलो’शी टक्कर देण्यासाठी १९०३ मध्ये ही सायकल शर्यत स्वतःच उभी केली.

नुसत्या जाहिरातीने मात्र कोणी आलं नाही. प्रवेश शुल्क २० फ्रँक आणि मुदत पाच आठवडे. कामधंदा सोडून एवढा काळ कोण फिरणार? नावं जेमतेम १५ आली. मग संपादक हेन्री देग्रांज यांनी शुल्क १० फ्रँकवर आणलं, शर्यत १ ते १९ जुलै अशी आटोपशीर केली, दैनंदिन भत्ताही जाहीर केला. सुरुवातीच्या रेषेवर ६० जण उभे राहिले! टप्पे सहाच, पण एकूण अंतर सुमारे २,४०० किलोमीटर, त्यामुळे रात्रीही पेडल मारावं लागे. पॅरिसला २१ जण पोहोचले.

लोकांना खेळात ओढलं ते पैसा आणि वेळ यांची अडचण दूर केल्याने. मथळ्यांनी उत्सुकता वाढवली, एवढंच. आघाडीवीराची पिवळी जर्सी १९१९ मध्ये आली. ‘लोटो’चा कागदही पिवळाच होता.