मोबाईल ॲपच्या पोटातली सी

फोनमधले कॉन्टॅक्ट, व्हॉट्सॲपचे मेसेज, हे सगळं एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असतं, आणि तो लिहिलाय चक्क सी भाषेत. रिचर्ड हिप यांनी 2000 साली अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेसाठी काम करताना तो सुरू केला, तेव्हा ना अँड्रॉइड होतं ना आयफोन. आज दोन्हीकडे तोच चालतो. इतकी वर्षं तावूनसुलाखून निघालेला कोड परत कॉटलिन या अँड्रॉइड ॲपच्या भाषेत लिहीत बसण्यात मला तरी काही शहाणपण वाटत नाही.

मग कॉटलिन किंवा जावातलं ॲप सीचं फंक्शन बोलावतं कसं? अँड्रॉइडवर एनडीके हा साधनसंच वापरून सी कोडचं मशीन कोडमध्ये रूपांतर करतात, त्याची लायब्ररी फाईल ॲपसोबतच जाते, चालू होताना मेमरीत लोड होते आणि मधला व्यवहार जेएनआय हा जावा आणि सीमधला दुवा सांभाळतो. प्रोसेसरप्रमाणे ही फाईल वेगळी लागते, 32 बिटची वेगळी, 64 बिटची वेगळी. आयफोनवर त्यामानाने सोपं, स्विफ्ट या तिथल्या ॲपच्या भाषेला सीची हेडर फाईल, म्हणजे फंक्शनांची यादी, दाखवली की झालं.

खरी काळजी घ्यायची ती मेमरीची. जावात नको असलेली मेमरी गार्बेज कलेक्टर आपणहून साफ करतो, सीमध्ये मागायची पण आपण आणि सोडायची पण आपणच. सोडायला विसरलात तर मेमरी गळत राहते, आणि सोडलेल्या जागेला चुकून परत हात लावला तर ट्राय-कॅचमध्ये पकडायला एक्सेप्शनही (चूक झाल्याची सूचना) येत नाही, बऱ्याचदा अख्खं ॲपच धाडकन बंद पडतं.

आणि आपल्या मराठीसाठी तर हे अजून महत्त्वाचं आहे. 'मराठी' या शब्दाची लांबी जावा 5 सांगतं, सीचं स्ट्रलेन हे बाईट मोजणारं फंक्शन 15 सांगतं, कारण यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-वेलांटीसुद्धा, 3 बाईट घेतं. समजा कोणी नावासाठी 20 बाईटची जागा ठेवली, तर इंग्रजी स्पेलिंगमधला ज्ञानेश्वर 11 बाईटमध्ये आरामात बसतो पण देवनागरीतल्या ज्ञानेश्वरला 30 लागतात, मग एकतर नाव मधेच तुटतं नाहीतर शेजारच्या मेमरीवर लिहिलं जातं, आणि फक्त इंग्रजी नावांवर टेस्ट करणाऱ्याला हे कधी दिसतच नाही! इमोजीची तऱ्हा आणखी वेगळी, बहुतेक इमोजी नेहमीच्या यूटीएफ-8 मध्ये 4 बाईटचे पण जेएनआयचं यूटीएफ-8 थोडं बदललेलं असल्यामुळे तिथे 6 बाईटचे. म्हणून सीकडे मजकूर पाठवताना बाईट ॲरे (बाईटची रांग) करून, सोबत लांबी सांगून पाठवा.