जुनी ठेवण, दांडगं इंजिन : किट कार घेण्याआधी वाचा

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी ग्राहकांच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो. पुण्याहून नाहीतर नागपूरहून आलेले वडील गराजमधली किट कारची, म्हणजे सुट्या भागांतून घरी जोडायच्या गाडीची, खोकी पाहतात आणि म्हणतात, "एवढ्या पैशांत तयार गाडी आली असती. सुटे भाग कशाला घेतलेस?" हे माहितीपत्रक आम्ही मराठीत काढलं ते त्यांच्यासाठीही, म्हणजे घरच्या सगळ्यांना एकत्र बसून वाचता येईल.

गाडी सुटी विकण्याची पद्धत

ब्रिटनमध्ये पूर्वी तयार मोटारीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' आणली आणि घरी जोडायच्या किटच्या रूपातही विकली. ज्याच्या हाताला पाना धरायची सवय होती, त्याला ती परवडली. १९७३ मध्ये व्हॅट हा कर सुट्या भागांवरही आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. सवलत जाऊन पन्नास वर्षं उलटली, तरी ती गाडी आजही किटमध्ये मिळते आणि लोक हौसेने जोडतात.

कोब्रा, आणि तिने शिकवलेली गोष्ट

आमच्याकडे सर्वाधिक चौकशी होते ती कोब्राच्या ठेवणीच्या गाड्यांची. सरे परगण्यातल्या थेम्स डिटनला एसी कार्स ही छोटी कंपनी 'एस' नावाची देखणी, हलकी, दोन आसनी गाडी बनवत असे. तिला मिळणारं ब्रिस्टल कंपनीचं दोन लिटरचं इंजिन बंद झालं, तेव्हा टेक्ससचे शर्यतपटू कॅरल शेल्बी यांनी त्या गाडीत फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवायचं सुचवलं. १९६२ मध्ये ४.२ लिटरचं इंजिन बसलं आणि ती गाडी कोब्रा झाली, पुढे ४.७ लिटरचं आलं. मग १९६५ मध्ये ७ लिटरचं, म्हणजे प्रसिद्ध '४२७' (हे इंजिनाचं घन इंचांतलं माप). अस्सल गाड्या सगळ्या मिळून हजाराच्या आसपासच बनल्या. त्यांच्या किमती आता सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत, म्हणून फायबरच्या बॉडीची किट निघाली.

यातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग फोटोत दिसत नाही. सात लिटरचं इंजिन बसवताना जुना सांगाडा तसाच ठेवला नव्हता. मुख्य नळ्या तीन इंचांवरून चार इंचांच्या केल्या, आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगा काढून कॉइल स्प्रिंगा लावल्या आणि रुंद चाकं मावावीत म्हणून मडगार्ड फुगवले. ज्या फुगीर अंगामुळे ही गाडी मनात भरते, ते अंग इंजिनाच्या ताकदीमुळे घडलेलं आहे. म्हणून मोठं इंजिन मागायला कोणी आलं, की आम्ही आधी गिअरबॉक्स, डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आणि ब्रेक कोणते घेणार ते विचारतो. एका ग्राहकाने दुसरीकडे जोडून घेतलेली गाडी आमच्याकडे टो करून आली होती. इंजिन नवं आणि जबरदस्त, मागचा ॲक्सल मात्र एका साध्या घरगुती गाडीतून काढलेला. तिसऱ्याच फेरीत तो तुटला. वेग कमी होता म्हणून इजा झाली नाही. तेव्हापासून हा हिशेब जुळल्याशिवाय आम्ही किटची ऑर्डर घेत नाही.

पिकअप येतो कुठून

साध्या कौटुंबिक हॅचबॅकचं वजन तेराशे किलो आणि ताकद १३० अश्वशक्ती धरा. टनामागे शंभर पडतात. कॅटरहॅमच्या ४२० मॉडेलची ताकद २१०, वजन साधारण ५६० किलो. टनामागे ३७५! त्यांच्याच १७० मॉडेलमध्ये सुझुकीचं फक्त ६६० सीसीचं टर्बो इंजिन आहे, ८४ अश्वशक्तीचं. तरी गाडी ४४० किलोची असल्याने टनामागे १९० भरतात. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते, बसण्याची जागा जमिनीपासून वीतभर. ताशी चाळीस मैलांनाही गाडी जिवंत वाटते. पायाखालचा रस्ता, ओल्या डांबराचा वास, इंजिनाचा प्रत्येक श्वास, सगळं थेट पोचतं. आधुनिक गाडीत हे अनुभव काचांच्या आणि रबराच्या आड राहतात. आमच्या मते या गाड्यांची खरी ओढ इथे आहे, आणि त्यासाठी दर वेळी सात लिटर लागत नाहीत.

इंजिनाबद्दल आमचा सल्ला

पहिलीच गाडी असेल, तर माझदा एमएक्स-५ या छोट्या दोन आसनी गाडीच्या जुन्या भागांवर बेतलेलं किट घ्या. तिचे पत्रे गंजतात, पण इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकमेकांसाठीच बनलेले असतात आणि सहसा दगा देत नाहीत. कोब्राच हवी असेल, तर रोव्हरचं ३.५ लिटरचं व्ही-८ पाहा. मुळात अमेरिकेच्या ब्यूक कंपनीचं, ॲल्युमिनियमचं, हलकं, आणि आवाज मनासारखा. जनरल मोटर्सचं ६.२ लिटरचं एलएस-३ ही ४३० अश्वशक्तीची चीज आहे. ते आम्ही बसवून देतो, पण ओल्या रस्त्यावर हलक्या मागच्या चाकांना ही ताकद झेपत नाही. आधी सरावाच्या ट्रॅकवर एक दिवस काढा, असा आमचा आग्रह असतो.

तपासणी आणि नोंदणी

रस्त्यावर आणण्याआधी गाडीला आयव्हीए ही सरकारी तपासणी पास करावी लागते. दिवे, सीटबेल्ट, ब्रेक, आरसे, धूर सगळं पाहतात. बाहेरच्या ज्या कडा माणसाला लागू शकतील, त्यांना किमान २.५ मिलिमीटरची गोलाई हवी. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल. बाजूने निघणारे सायलेन्सर लावणाऱ्यांनी ती आधीच मोजावी. प्रत्येक भागाची पावती आणि जोडणीचे फोटो जपून ठेवा, नोंदणीच्या वेळी लागतात. भागांचं वय सिद्ध झालं नाही, तर 'क्यू'ने सुरू होणारी नंबर प्लेट मिळते. आणि कृपया, ही गाडी अस्सल कोब्रा म्हणून कोणालाही विकू नका. कागदावर ती जी आहे तीच असली पाहिजे.

निवृत्तीनंतर गाडी घेऊन महाराष्ट्रात परतायचं स्वप्न काही जण बोलून दाखवतात. तिथल्या नियमांत घरी जोडलेल्या एकट्या गाडीसाठी इथल्यासारखी सोपी वाट नाही. कंपन्यांची मॉडेल्स पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत मंजूर होतात, आणि वापरलेली गाडी आयात करायला तीन वर्षांच्या वयाची अट आहे. त्या भरवशावर किट घेऊ नका.

भेटीला येताना

गराजची लांबी-रुंदी मोजून आणा. जोडणी चालू असताना गाडीची बॉडी बाजूला ठेवायलाही जागा लागते. सेव्हनच्या पूर्ण किटला आमच्या ग्राहकांना शंभरेक तास लागतात, जुन्या गाडीच्या भागांवरच्या कोब्राला दोन हिवाळे धरा. जोडीदाराला आणि वडिलांना जरूर सोबत आणा, आम्ही त्यांनाही शेजारी बसवून फिरवून आणू. आणि तुम्ही स्वतः अरुंद, पातळ तळव्याचे बूट घालून या. सेव्हनचे पेडल इतके जवळजवळ असतात, की जाड बुटांनी क्लच दाबताना ब्रेकही दाबला जातो.