किडनीच्या कर्करोग-पेशींमधील सल्फाटाइड: नमुना पाठवण्यापूर्वी हे वाचा

पेशीच्या बाहेरच्या पडद्यात काही मेदरेणू असे असतात की त्यांना साखरेचे घटक जोडलेले असतात. हे ग्लायकोलिपिड. साखरेचे टोक पेशीबाहेर असल्यामुळे पेशी कशाला चिकटते यात त्याचा मोठा वाटा असतो. पेशीतल्या गॉल्जी भागातली एन्झाइमे या टोकात बदल करतात. काही त्याला सियालिक आम्ल (एक आम्लधर्मी साखर) जोडतात, काही सल्फेट. सल्फेट जोडलेले असेच एक ग्लायकोलिपिड म्हणजे सल्फाटाइड. आमच्या प्रयोगशाळेत सर्वांत जास्त विचारणा सल्फेट जोडणाऱ्या एन्झाइमबद्दल होते, म्हणून हे पत्रक त्याच्यापुरतेच.

त्याचे पूर्ण नाव गॅलॅक्टोसिलसेरामाइड सल्फोट्रान्सफरेज. त्याच्या जनुकाला जीएएल३एसटी१ म्हणतात. पेशी एटीपी (पेशीचा ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि सल्फेट वापरून पीएपीएस हा सल्फेट वाहणारा रेणू बनवते. त्यावरचा सल्फेट उचलून हे एन्झाइम गॅलॅक्टोसिलसेरामाइड या ग्लायकोलिपिडमधल्या (सेरामाइड हा त्याचा मेदाचा भाग, गॅलॅक्टोज ही साखर) गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनवर बसवते आणि सल्फाटाइड तयार होते. लॅक्टोसिलसेरामाइड या दुसऱ्या ग्लायकोलिपिडवरही ते असेच काम करते. किडनीच्या कर्करोगाशी त्याचे नाते जुने आहे: १९९६ मध्ये कोइची होंके आणि सहकाऱ्यांनी हे एन्झाइम शुद्ध केले ते माणसाच्या किडनीच्या कर्करोग-पेशींमधूनच, आणि पुढच्याच वर्षी त्याचा सीडीएनए (एन्झाइमचा संकेत असलेली डीएनए प्रत) वेगळा केला. किडनीच्या अनेक गाठींमध्ये या एन्झाइमची सक्रियता वाढलेली आणि सल्फाटाइड साचलेले आढळते.

मात्र सल्फाटाइड सापडले म्हणजे कर्करोग, असे समजू नये. निरोगी किडनीतही ते भरपूर असते, विशेषतः आतल्या भागात, म्हणजे मेड्युलात. किडनीच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा क्लिअर सेल प्रकार मात्र कॉर्टेक्समधल्या, म्हणजे बाहेरच्या भागातल्या, समीपस्थ नलिकेच्या (किडनीतल्या सूक्ष्म नळीचा सुरुवातीचा भाग) पेशींतून उगवतो, असे मानले जाते. म्हणून गाठीसोबत त्याच किडनीचा निरोगी कॉर्टेक्स पाठवा. तुलनेसाठी मेड्युलाचा तुकडा आला, तर गाठीतली खरी वाढसुद्धा झाकली जाते. आमच्या मते निष्कर्ष चुकण्याची ही सर्वांत मोठी जागा आहे.

नुसत्या जनुकाच्या एमआरएनएवर (जनुकावरून एन्झाइम बनवण्यासाठी निघणारी प्रत) विसंबू नका, असेही आम्ही आग्रहाने सांगतो. साचलेले सल्फाटाइड हा बनणे आणि मोडणे यांचा हिशोब असतो. मोडण्याचे काम लायसोसोममधले (पेशीतला नको असलेले रेणू मोडणारा भाग) अरिलसल्फटेज ए हे एन्झाइम करते. ते मंद असेल, तर बनवणारे एन्झाइम नेहमीइतकेच असूनही साठा वाढतो. म्हणून एकाच नमुन्याचे दोन भाग करून आम्ही एकात एन्झाइमची सक्रियता आणि दुसऱ्यात सल्फाटाइड मोजतो.

ऊतक काढल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, उणे ८० अंशांवर ठेवा आणि कोरड्या बर्फात पाठवा. वितळवून पुन्हा गोठवलेल्या नमुन्यात सक्रियतेच्या आकड्याला अर्थ राहत नाही. फॉर्मालिनमधला किंवा पॅराफिनमधला तुकडा या चाचणीला अजिबात चालत नाही: फॉर्मालिनने एन्झाइम निकामी होते, आणि पॅराफिनसाठी वापरायच्या अल्कोहोल व झायलीनमध्ये मेद धुऊन जातो. क्लिअर सेल गाठीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली रिकाम्या दिसतात त्यामागेही हे एक कारण आहे.

मेद आपणच काढून पाठवणार असाल, तर क्लोरोफॉर्म-मिथेनॉल वापरा. फॉस्फोलिपिड (फॉस्फेट असलेले इतर मेद) घालवण्यासाठी सौम्य अल्कलीची प्रक्रिया चालते, सल्फाटाइड त्यातून टिकते. आम्ल मात्र टाळा, कारण त्याने सल्फेट तुटतो आणि सल्फाटाइड प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र) ऋण आयन पद्धतीत ९७ वस्तुमानाचा सल्फेट आयन पाहून सल्फाटाइड ओळखले जाते. सेरामाइडमधल्या मेदाम्लाची लांबी वेगवेगळी असल्यामुळे अहवालात एका सल्फाटाइडच्या अनेक ओळी दिसतील. ती चूक नव्हे.

ही चाचणी केवळ संशोधनासाठी आहे. तिच्या आकड्यांवरून कोणत्याही रुग्णाचे निदान किंवा उपचार ठरवू नयेत. नमुन्यावर रुग्णाचे नाव न लिहिता फक्त आपला सांकेतिक क्रमांक घाला, आणि तुकडा गाठीच्या कडेचा की मधला हे सोबतच्या कागदावर नोंदवा. मधल्या भागात अनेकदा मृत ऊतक असते, त्यामुळे शक्यतो कडेचाच तुकडा घ्यावा.